डिशवॉशर बदनाम करण्याचा सोपा मार्ग

सुज्ञ वाचकहो, आपल्या घरातला डिशवॉशर भांडी नीट धूत नसेल, तर प्रथम एक पेला उजेडात धरावा, कपाळाला आठ्या घालाव्यात आणि 'शेवटी यंत्राला हाताची सर नाही' असे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावे. दोषाचा शोध येथेच संपतो. पुढे काही तपासण्याची गरज उरत नाही.

भांडी रचताना आत्मविश्वास असावा. कढई उताणी ठेवावी, म्हणजे खरकटे पाणी तिच्यात साठून राहील. वाटीत वाटी घालावी, आणि कुकरचे भांडे असे उभे करावे की पाणी फवारणारा खालचा फिरता पंखा त्याला अडून जागीच थांबेल. साबणाच्या कप्प्यासमोर मोठे ताट टेकवले तर कप्प्याचे झाकण उघडतच नाही आणि टॅबलेट दुसऱ्या दिवसासाठी शिल्लक राहते, ही बचत वेगळीच. जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईंनी १८८६ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा भांड्यांच्या मापाचे तारेचे कप्पे केले होते, कारण पाण्याचा झोत प्रत्येक भांड्यावर थेट पोहोचला पाहिजे हेच त्या यंत्राचे मर्म होते. पण त्यांना सल्ला द्यायला आपले नातेवाईक नव्हते.

करपलेल्या पातेल्यालाही अर्ध्या तासाचाच प्रोग्राम लावावा.

पावडर संपल्यास सिंकजवळचे लिक्विड ओतावे; फेस दारातून बाहेर आला की लादीही धुऊन निघते.

आता मीठ. मीठ म्हणजे विकणाऱ्यांनी काढलेला खर्च आहे असे मानून तळाच्या कप्प्यात काही घालूच नये, असे मी सुचवणार होतो. परंतु आमच्या एका ज्येष्ठ आप्तांनी परवा आमच्याच घरी त्यात सुधारणा केली. मिठाचा दिवा लागलेला पाहून त्यांनी स्वयंपाकाच्या मिठाची अख्खी पिशवी त्या कप्प्यात रिकामी केली, 'मीठ ते मीठ' हे तत्त्वज्ञान आम्हाला ऐकवले, आणि रात्री पेल्यांवर पांढरा थर दिसताच 'तुमचे यंत्रच भिकार' असा निकालही देऊन टाकला. काका, ते मीठ भांड्यांना चव यावी म्हणून नसते. आत रेझिनचे मणी असतात; ते पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात, बदल्यात सोडियम सोडतात, आणि थकले की मिठाचे पाणी त्यांना पुन्हा कामाला लावते. त्यासाठी जाड, शुद्ध मीठ लागते. बारीक मिठाचा गोळा होऊन कप्पा तुंबतो, शिवाय ते सुटे राहावे म्हणून त्यात इतर द्रव्ये मिसळलेली असतात. पिण्याच्या पाण्याचे आपले मानक कठीणपणाची, म्हणजे याच क्षारांमुळे येणाऱ्या जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम ठरवते आणि दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेते. सोसायटीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी येत असेल तर ते बहुधा जडच असते, आणि तो आकडा विचारून यंत्रावर बसवायचा असतो, हे मात्र कोणाच्या गावीही नसते! पेल्यावर व्हिनेगर चोळा; थर गेला तर तो क्षारांचा, न गेला तर काचच झिजलेली असते आणि ती पूर्ववत होत नाही. ही परीक्षा करायला कितीसा वेळ लागतो? तेवढाही वेळ नाही; निकाल द्यायला मात्र आहे.

तळाची जाळी कधीही काढू नये. मागच्या महिन्यातला भात तिथे सुखाने नांदतो आहे.

पण पुरे झाले. डिशवॉशर म्हणजे उष्टे भिरकावण्याचे पिंप नव्हे. खरकटे डब्यात काढायचे, भांडी पालथी आणि सुटी लावायची, बटण दाबण्याआधी पंखा बोटाने फिरवून पाहायचा, जाळी दर आठवड्याला धुवायची. यात अशी कोणती विद्या लागते? यातले काहीही न करता नावे ठेवणारे कर्ते पुरुष रात्री निवांत झोपतात, आणि अर्धवट धुतलेल्या ताटवाट्या घरातली बाई पुन्हा हाताने घासत बसते, कारण सकाळी डबे भरायचे असतात. यंत्र घेताना 'तुझे कष्ट वाचावेत म्हणून घेतो' असे चारचौघांत मिरवले होते ना? मग ओट्याखाली वाका, ती जाळी आजच बाहेर काढा, आणि धुवायला तिला हाक मारू नका.