तोंडाने बोला आणि मिळवा?

नवापूरपासून साक्रीपर्यंत हल्ली कुठल्याही प्रार्थना सभेला जा, बायबलमधलं नीतिसूत्रे 18:21 कानावर पडणारच. मरण आणि जीवन जिभेच्या अधीन आहे. वचनाशी माझं भांडण नाही. त्याच्या जोरावर जे शिकवलं जातंय, त्याच्याशी आहे.

शिकवण अशी, की आजार आहे म्हणायचं नाही, कर्ज आहे म्हणायचं नाही. 'मी बरा झालो', 'कर्ज फिटलं' असं तोंडाने कबूल करत राहायचं. झालं तर देवाचा महिमा, नाही झालं तर तुझाच विश्वास कमी. उपदेशक दोन्हीकडून मोकळा! आपल्या आजी-आजोबांच्या उपासनेत हे नव्हतं. अमेरिकेत केन्यन आणि त्यांच्यामागून केनेथ हेगिन या उपदेशकांनी ते वाढवलं, आणि टीव्ही-यूट्यूबवरून ते आपल्या मांडवात येऊन बसलं.

कापसाला दहा हजारांचा भाव कबूल करा, फार तर व्यापारी हसेल. पण आपल्या नंदुरबार जिल्ह्यात घरोघरी सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार आहे, आणि तिथे हे चालत नाही.

आमच्या भागातल्या एका सभेत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली एक मुलगी पाहिली. थंडीचे दिवस, सांधे ठणकत होते. माइक तिच्या तोंडापुढे धरून तिच्याकडून वदवून घेतलं, 'मला सिकलसेल नाही.' सगळ्यांनी आमेन म्हटलं. आईने फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांची पट्टी पिशवीत पार तळाशी सारली, कुणाला दिसायला नको म्हणून. उपदेशक गाडीत बसून गेले. रात्री पोरगी कण्हत होती तेव्हा जवळ होती मंडळीतली (आमच्या चर्चमधली) एक म्हातारी. पाय चेपता चेपता आईला एवढंच म्हणाली, "सकाय मी येस तुनासंगे दवाखानामा." आणि गेली. त्या दिवशी कुणाच्या शब्दात बळ होतं असं विचाराल, तर माझं मत या वाक्याला.

बायबलमध्येच बघा. प्रेषित पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावी आजारी सोडलं आणि तसं पत्रात लिहिलं. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. 'दुखणं आहे म्हणू नकोस' असं काही लिहिलं नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले. तोंड उघडल्यावरच सगळं बिघडलं. आणि त्याच अठराव्या अध्यायातलं तेरावं वचन कुणी का सांगत नाही? ऐकून घेण्याआधी उत्तर देणारा मूर्ख ठरतो, असं तिथे आहे. तो सगळा अध्याय वाचा. चहाडी, भांडण, न्यायनिवाडा, म्हणजे माणूस माणसाशी काय बोलतो याबद्दलच त्यात जास्त आहे. आपल्या जिभेने देवाला कामाला लावायचं, हे मला तरी त्यात सापडलं नाही.

बरं, जिथे बोलायलाच हवं तिथे आपण गप्प. लग्न जमवताना शिक्षण, नोकरी, शेती सगळं विचारतो. सिकलसेलचं नाव काढलं की सोयरीक मोडेल ही भीती. दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसून तो मुलांना देऊ शकणारे असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहक माणूस दिसायला ठणठणीत असतो, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. 2023 पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही आहे. तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही असावं, हे प्रभूचं सांगणं मला इथे आठवतं. 'आमच्या मुलात सिकलसेल आहे' हे व्याह्यांसमोर बोलायला जो विश्वास लागतो, तो माइकवर ओरडायला लागत नाही.

म्हणून आमच्या पंचांपुढे मी विषय ठेवणार आहे : उपासनेत लग्नाची सूचना वाचण्याआधी पाळकांनी दोघांचे रिपोर्ट झाले का एवढं विचारावं. लग्न करायचं की नाही हे दोघांनी आणि घरच्यांनी ठरवावं, मंडळीने त्यात पडू नये. काही जण चिडतील, माहीत आहे. तुमच्या मंडळीत असं आधीच विचारत असतील, तर सुरुवात कशी केली ते कमेंटमध्ये लिहा.