हॅलोवीनचा चंद्र आणि आमचा अधिक आश्विन

ऑक्टोबर सरत आला की गोव्यात दोन गोष्टी हमखास उगवतात. किनारपट्टीच्या क्लबांचे हॅलोवीनच्या (31 ऑक्टोबरच्या, पाश्चात्त्यांच्या भुताखेतांच्या रात्रीच्या) पार्टीचे फलक, आणि व्हॉट्सॲपवर तो निळ्याशार चंद्राचा फोटो. समुद्रावर टेकलेला, माडाच्या झावळ्यांपेक्षा मोठा, शाईत बुडवून काढल्यासारखा. खाली लिहिलेलं असतं की हॅलोवीनच्या रात्री ब्लू मून, पुन्हा दिसणे नाही. मग ग्रुपवर हात जोडलेले इमोजी सुरू.

त्यातलं खरं एवढंच: 31 ऑक्टोबर 2020 ला, शनिवारी, पौर्णिमा होती आणि ती त्या इंग्रजी महिन्यातली दुसरी होती. महिन्यातल्या दुसऱ्या पौर्णिमेला ब्लू मून म्हणतात. निळेपणाशी तिचा काही संबंध नाही. आणि मोठा म्हणाल तर उलटंच. चंद्र त्या वेळी पृथ्वीपासून सुमारे 4 लाख 6 हजार किलोमीटरवर होता, म्हणजे त्या वर्षातली सगळ्यात लहान दिसणारी पौर्णिमा ती हीच.

खरोखरचा निळा चंद्र माणसांनी पाहिलाय, पण त्याला तारीख लागत नाही, धूर लागतो. 1883 मध्ये क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला तेव्हा त्याच्या राखेतून लोकांना तो दिसला. 1950 च्या सप्टेंबरात कॅनडातल्या जंगलांना लागलेल्या आगीचा धूर अटलांटिक ओलांडून गेला आणि स्कॉटलंडमध्ये चंद्रच काय, सूर्यही निळा झाला. धुरातले कण बहुतेक एकाच मापाचे आणि तांबड्या प्रकाशलहरींपेक्षा किंचित मोठे असले, की तांबडा प्रकाश विखुरतो आणि निळा आपल्यापर्यंत पोचतो.

बरं, ‘महिन्यातली दुसरी पौर्णिमा’ ही व्याख्यासुद्धा फार जुनी नाही, आणि ती चुकून झालेली आहे! अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या शेतकरी पंचांगात एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या तर तिसरीला ब्लू मून म्हणत. जेम्स ह्यू प्रुएट नावाच्या लेखकाने 1946 मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात त्याचा सोपा अर्थ लावला, महिन्यातली दुसरी. 1980 मध्ये तो रेडिओवरून पसरला आणि रुजला. मासिकाने चूक कबूल केली 1999 मध्ये. तोवर कोण ऐकतंय?

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. 2020 चं कालनिर्णय आठवा. पितृपक्ष संपला 17 सप्टेंबरला, आणि दुसऱ्या दिवशी बसायचे ते घट बसले थेट 17 ऑक्टोबरला. मध्ये अख्खा अधिक आश्विन. का, तर सूर्य 16 सप्टेंबरला कन्येत गेला आणि तुळेत गेला 17 ऑक्टोबरला. मधल्या चांद्रमासात एकही संक्रांत, म्हणजे सूर्याचा राशिबदल, पडली नाही, म्हणून तो महिना अधिक. 1 ऑक्टोबरच्या रात्रीची पौर्णिमा त्या अधिक आश्विनातली आणि महिनाअखेरची निज आश्विनातली. म्हणजे जगाने हॅलोवीनचा ब्लू मून म्हणून ज्याचा उदो उदो केला, ती आपली कोजागरीची पौर्णिमा होती. कोजागरीला मध्यरात्री पौर्णिमा असावी लागते, म्हणून आपण 30 तारखेच्या शुक्रवारी मसाला दूध प्यायलो. 31 ला रात्री 8 वाजून 19 मिनिटांनी चंद्र पूर्ण झाला तेव्हा आमच्या घरी पातेलं घासून पालथं पडलेलं होतं, आणि घरातली मंडळी विचारत होती, ‘पुनव काल झाली ना, मग आज परत कसली?’

दोन्हीकडचं गणित एकच आहे. पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस, अशा बारा महिन्यांचे होतात 354. सौरवर्षाला 11 कमी पडतात. 19 वर्षांत 228 सौरमहिने आणि 235 चांद्रमहिने, वर उरले 7. आपण त्या सातांचे अधिकमास केले, त्यांनी ब्लू मून केले. प्रत्येक वेळी दोन्ही एकत्र येतीलच असं नाही, 2018 मध्ये नव्हते आले. पण 2023 च्या ऑगस्टमध्ये अधिक श्रावण होता, आणि 2026 च्या मे महिन्यात 1 आणि 31 तारखेला पौर्णिमा, तिथे अधिक ज्येष्ठ. फरक इतकाच की आपल्याकडे जावयाला अनारसे मिळतात. तिकडच्या जावयाच्या नशिबी नुसता फोटो.

म्हणून ‘दुर्मीळ’ ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, कुणाच्या घड्याळाने? 2020 मध्ये सिडनीला तीच पौर्णिमा 1 नोव्हेंबरच्या पहाटे झाली. त्यांचा ऑक्टोबरचा ब्लू मून हुकला, पण 30 नोव्हेंबरला दुसरी पौर्णिमा पडून तो परत मिळाला. 2001 ची हॅलोवीन पौर्णिमा अमेरिकेतल्या पश्चिमेकडच्या लोकांची. आपल्याकडे तेव्हा 1 नोव्हेंबर उजाडून दुपार व्हायला आली होती.

हॅलोवीन तारखेने येतं, त्यामुळे त्याच्या वाट्याला कधी कोर, कधी अंधार, कधी पुनव. गोव्यातली भयाची मोठी रात्र नरकासुराची, आणि ती तिथीला बांधलेली. आश्विन वद्य चतुर्दशीला पहाटे नरकासुर जाळतात तेव्हा पूर्वेला जेमतेम नखाएवढी कोर उगवते. कितीही हजार वर्षं थांबा, नरकासुराला पौर्णिमा मिळायची नाही. (डीजे मात्र दरवर्षी मिळतो. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.) पाश्चात्त्य भुतं कशाला, असं म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. पण आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांनाही त्या भोपळ्याचं कौतुक कमीच. त्यांची लगबग 2 नोव्हेंबरची असते, कबरी स्वच्छ करायच्या, फुलं वाहायची, मेणबत्त्या लावायच्या.

आणि दुर्बीण घेऊन पौर्णिमेला गच्चीवर जाणाऱ्यांना एक विनंती, अष्टमीला जा. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, विवरं सपाट दिसतात.

पौर्णिमेची खरी वाट बघणारा माणूस गोव्यात खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधावर भेटतो. तिथल्या मानशीची (बांधातल्या पाणझडपेची) लाकडी दारं भरतीचं पाणी रेटू लागलं की आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. त्या ओढीत जाळं लावून मासळी धरायची. लिलावात मानस, म्हणजे तिथली मासळी धरायचा हक्क, घेतलेला माणूस कॅलेंडरात पुनव आणि अमावास्या दोन्ही बघतो, कारण उधाण दोन्हींना. ब्लू मून ऐकून तो विचारेल, पाणी किती चढणार? 31 ऑक्टोबर 2020 चं उत्तर आहे, नेहमीच्या पुनवेपेक्षा थोडं कमीच. चंद्र लांब होता.