हॅथोरच्या देवळातला तथाकथित बल्ब

इजिप्तमधल्या डेंडेरा इथल्या हॅथोर देवीच्या मंदिरातलं एक शिल्प वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. लांबट फुग्यासारखा आकार, आत वळवळता साप, मागे केबलसारखं काहीतरी. सोबतचा दावा असा: साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथे विजेचे बल्ब होते, म्हणून तर छताला काजळी नाही!

आधी वय बघू. आज उभं असलेलं मुख्य मंदिर इ.स.पू. 54 मध्ये, बाराव्या टॉलेमी राजाच्या काळात बांधायला घेतलं. मागच्या भिंतीवर त्याची मुलगी, म्हणजे आपल्याला माहीत असलेली क्लिओपात्रा, मुलगा सीझेरियनसह कोरलेली आहे. दर्शनी मंडप तर रोमन सम्राट टायबेरियसच्या वेळचा. त्या जागी आधीही देवळं होती, पण हे शिल्प त्यांतलं नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त वर्षं इथेच गळाली. त्याच सुमारास ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो इजिप्तमध्ये फिरत होता. इथले लोक मगरी कशा पकडतात ते त्याने रंगवून लिहिलंय, देवीच्या मंदिराचाही उल्लेख केलाय. विजेचे दिवे असते तर हा गृहस्थ गप्प बसला असता?

आता शिल्प. ते आहे जेमतेम मीटरभर रुंदीच्या तळघरात. साप म्हणजे हॅथोरचा मुलगा हरसोम्टस, कमळातून प्रकट होणारा. ‘केबल’ म्हणजे त्या कमळाचा देठ. फुग्याला हात देणारा खांब म्हणजे जेद, स्थैर्याचं चिन्ह. त्याचे ताईत इजिप्तभर सापडतात. शेजारच्या चित्रलिपीत देवमूर्तींची वर्णनं आहेत: कशाची घडवलेली, उंची किती. हा मजकूर फॉरवर्डवाल्यांना नको असतो.

खरं तर प्रकाशाचं वेड या देवळात जागोजागी दिसतं, फक्त ते सूर्याचं आहे. नववर्षाला हॅथोरची मूर्ती गच्चीवर नेत, तिला सूर्यकिरणांचा स्पर्श व्हावा म्हणून. जिन्याच्या भिंतींवर ती पुरोहितांची मिरवणूक पायरीपायरीने चढताना कोरलेली आहे. छतावर आकाशदेवी नूत अंग ताणून पसरलीय. ती सूर्याला जन्म देते आणि किरणं थेट हॅथोरच्या, गाईचे कान असलेल्या, मुखावर पडतात. इतकं सुंदर काम डोक्यावर असताना लोक तळघरात बल्ब शोधतात, याचं मला नवल वाटतं.

काजळीचा मुद्दा तर उलटाच आहे. मंडपाचं छत अलीकडे स्वच्छ करेपर्यंत काळंकुट्ट होतं. काजळी निघाल्यावर निळा रंग दिसला. ती काजळी पुढच्या शतकांत देवळात चुली पेटवणाऱ्यांची, त्यामुळे शिल्पकारांच्या दिव्यांबद्दल ती काहीच सांगत नाही. ते दिवे कसले होते, हे देर अल-मदिना या कारागिरांच्या गावातल्या नोंदींवरून कळतं: थडगी खोदणाऱ्या कारागिरांना वाती मोजून दिल्या जात.

राहता राहिल्या विजेच्या तारा, बल्बचे काचेचे गोळे, वीज बनवायचं यंत्र. यातलं काहीही अख्ख्या इजिप्तमध्ये कुठल्याही उत्खननात मिळालेलं नाही.