संथ धावण्यावरील आक्षेपाला उत्तर

नमस्कार. शाळकरी क्रॉस कंट्री (मैदानी ट्रॅक सोडून माती-गवतावरची, चढउतारांची शर्यत) धावपटूंनी सुट्टीत आधी संथ धावून पाया घालावा, या माझ्या उन्हाळी सरावावरील लेखाची आपण इतकी बारकाईने झाडाझडती घेतलीत, याबद्दल आभारी आहे. आपण स्वतः शालेय स्पर्धांत धावलेले आहात आणि आपली कन्या जूनमध्ये नववीत जाणार आहे, त्यामुळे आक्षेप वरवरचा नाही हे मी जाणतो. सुट्टीतले सहा-सात आठवडे मुलांना संथ पळवले की ती मंदच होतात, आपल्या वेळी मे महिन्यात मैदानावर घड्याळ लावून 400 मीटरच्या फेऱ्या काढून घेत असत, आणि नाशिकची धावपटू कविता राऊत काही वेळापत्रक पाहून घडली नाही, असे आपले म्हणणे आहे.

आधी शर्यतीकडे पाहू. राष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धेत 18 वर्षांखालील मुले 6 किलोमीटर आणि मुली 4 किलोमीटर धावतात. मुलींची शर्यत पंधरा मिनिटांच्या आसपास चालते, आणि एवढ्या वेळाच्या प्रयत्नात लागणाऱ्या ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने तयार होते. स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होणे आणि हृदयाने एका ठोक्यात अधिक रक्त ढकलणे हे बदल दीर्घकाळ, दमछाक न होता धावण्याने घडतात. 400 मीटरच्या जोरकस फेऱ्यांचा परिणाम लवकर दिसतो हे खरे, पण पाया नसताना मे महिन्यातच त्या सुरू केल्या की जुलैत जे मूल पुढे दिसते ते हंगामाच्या ऐन भरात अडखळते.

आर्थर लिडियार्ड या न्यूझीलंडच्या प्रशिक्षकाचे उदाहरण आपल्याला ठाऊक असेल. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने 800 मीटरचे आणि मरे हॅलबर्गने 5000 मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकले, आणि दोघांच्याही तयारीचा आधार आठवड्याला सुमारे 160 किलोमीटर धावण्याचा होता. हा आकडा प्रौढांचा आहे. नववीच्या मुलीसाठी मी आठवड्याला 20 किलोमीटरपासून आरंभ करून, दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करत, जूनपर्यंत 30-35 च्या पुढे जाऊ नये असेच लिहिले आहे. कारण हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात, हाडे आणि स्नायुबंध मात्र त्याहून कितीतरी हळू. श्वास साथ देतो म्हणून मूल पळत राहते आणि दुखणे निघते ते नडगीत, किंवा उंची भराभर वाढण्याच्या वयात गुडघ्याखालच्या उंचवट्यावर.

वेग मी सोडून दिलेला नाही. आठवड्यातून दोनदा, संथ धाव संपल्यावर, 80 ते 100 मीटरच्या चार-सहा मोकळ्या, लांब ढांगांच्या धावा त्याच लेखात आहेत, आणि आपल्या आक्षेपात त्यांचा उल्लेख नाही. पायांची चपळाई टिकायला तेवढ्या पुरतात.

‘संथ’ म्हणजे किती, हा आपला प्रश्न मात्र रास्त आहे. मी मुलांना पळता पळता बाराचा पाढा मोठ्याने म्हणायला लावतो. सपाटीवर सगळे ठणठणीत म्हणतात. नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याच्या दिशेचा चढ लागला की ‘बारा सक बहात्तर’पाशी आवाज तुटू लागतो, आणि तिथे वेग कमी करायचा, मग पुढचा मित्र कितीही लांब जावो. (पाढाच येत नाही अशीही मुले निघतात, पण तो शाळेचा विषय.)

कविता राऊत यांच्याविषयी. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवणारी ही धावपटू नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांच्या शिस्तबद्ध प्रशिक्षणाखाली तयार झाली, तेव्हा वेळापत्रक नव्हते असे म्हणता येणार नाही. पण त्याआधीचे तिचे गाव सावरपाडा पाहा. अशा डोंगराळ गावात शाळेला आणि पाण्यालाही पायीच जावे लागते, म्हणजे पायाभरणी कोणी न सांगताच वर्षानुवर्षे होत राहते. नाशिक शहरातल्या गंगापूर रोडवरून व्हॅनने शाळेत जाणाऱ्या मुलाला ती सुट्टीत मुद्दाम करावी लागते, आणि म्हणूनच त्याच्यासाठी संथ किलोमीटर अधिक गरजेचे आहेत.

उन्हाची काळजी रास्तच. दुपारी पारा चाळिशीकडे जातो, पण आपल्याकडे पहाटे हवा पुष्कळ निवलेली असते. साडेपाचला सुरुवात आणि सातच्या आत घर. मखमलाबादकडच्या द्राक्षबागांमधले मातीचे रस्ते पायांना डांबरापेक्षा मऊ आहेत, परंतु एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर बागा उघड्या पडलेल्या असतात, सावलीच्या भरवशावर तिकडे उशिरा जाऊ नये. उष्णतेला शरीर सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर अंतर वाढवायचे नाही.

आपल्या कन्येबाबत एकच विनंती, जी मूळ लेखात यायला जागा नव्हती. सराव सुरू करण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि डॉक्टरांना फेरिटिनविषयीही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) विचारा, कारण या वयात पाळीमुळे लोह कमी पडते आणि ‘मुलगी आळशी झाली’ असे घरचे म्हणत राहतात. हिमोग्लोबिन 12 च्या खाली आले तर औषधोपचार आधी, किलोमीटर नंतर. आणि जेवणाला लागून चहा देऊ नका, त्याने लोह नीट अंगी लागत नाही.