मग दुभाषी कशाला लागला?

नाना रोज सकाळी सव्वासहाला कुटुंबाच्या ग्रुपवर काहीतरी टाकतात. नाना म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांचे फॉरवर्ड मी सुप्रभातच्या गुलाबांबरोबरच पुसून टाकतो, त्यामुळे सिंधू संस्कृतीवरचा हा मेसेजही वाचला नव्हता. पण रविवारी ताईकडे गेलो, तर सहावीतली भाची जमिनीवर पालथी पडून तोच मेसेज जसाच्या तसा कार्डशीटवर उतरवत होती. मथळा: 'प्राचीन नदीकाठच्या संस्कृती, तुलना'. दहा रुपयांच्या तक्त्यातून कापलेला पिरॅमिड आणि त्याखाली सोनेरी ग्लिटर पेनने, 'हे आपल्या स्थपतींनी बांधले.' मग मात्र गप्प बसवेना.

मेसेजचं म्हणणं असं: सिंधू संस्कृती आठ हजार वर्षांपूर्वीची, म्हणून जगात पहिली. सुमेरचे, म्हणजे प्राचीन दक्षिण इराकचे, लोक इथूनच गेले, 'सुमेर' म्हणजे आपला 'सुमेरू'. पिरॅमिड आपले. सिंधू लिपी वाचून झाली, ती संस्कृतच निघाली, पण 'ते' दडपतात. आपल्याकडे गटारं होती तेव्हा युरोप झाडावर होता. आणि मोहेंजोदारो अणुस्फोटात गेलं.

आठ हजारांचा आकडा अगदीच हवेतला नाही, हे नाइलाजाने कबूल करतो. हरियाणातल्या भिर्राना इथल्या उत्खननावर २०१६ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये निबंध आला आणि त्यात तळच्या थराचं वय आठ हजार वर्षांच्याही मागे नेलं होतं. बातम्यांनी तेवढंच उचललं. निबंधाचा मुख्य विषय होता पाऊस कमी होत गेल्यावर तिथले लोक तगले कसे आणि पिकं कशी बदलत गेली, पण ते कोण वाचतो? शिवाय तळच्या थरात खेडं आहे, शहर नाही. आपलं मोजायचं खेड्यापासून आणि इराकचं शहरापासून? खेडीच धरायची तर पॅलेस्टाइनमधलं जेरिको दहा हजार वर्षांच्या पलीकडे जातं. शहरं धरायची तर सिंधूची शहरं इ.स.पू. २६००च्या सुमारास भरात आली. त्याच्या कितीतरी आधी इराकच्या दक्षिणेला उरुकमध्ये मातीच्या पाट्यांवर धान्याचे आणि मेंढ्यांचे हिशेब लिहिले जात होते. हडप्पाच्या लोकांची दगडी घनाकृती वजनं एकीकडून दुसरीकडे तंतोतंत जुळतात, त्यातलं नेहमी सापडणारं सुमारे १३.६ ग्रॅमचं. त्यांच्या नावाने बोलताना तरी दोन वजनं वापरू नयेत.

आता सुमेरू. इथे माझं डोकं सर्वात जास्त फिरलं. 'सुमेर' हा शब्द सुमेरच्या लोकांचा नव्हेच, तो त्यांच्या अक्कदी शेजाऱ्यांचा. ते स्वतः आपल्या मुलखाला 'किएंगी' म्हणत. नावावरून नातं जोडायचं तर निदान माणूस स्वतःला काय म्हणवून घेतो ते तरी विचारा.

त्याहून मोठी गंमत पुढे आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बोटाच्या पेराएवढी एक दंडगोल मुद्रा आहे. ओल्या मातीवरून फिरवली की चित्र उमटतं: आसनावर कुणी मोठी व्यक्ती, तिच्या मांडीवर एक छोटीशी आकृती, समोर आलेली माणसं, त्यातल्या एकाच्या हातात बकरीसारखं जनावर. आणि कीलाक्षरांत, म्हणजे तिकडच्या पाचरीसारख्या खुणांच्या लिपीत, मालकाचं नाव व धंदा: शू-इलिशू, मेलुहाच्या भाषेचा दुभाषी. मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात. अक्कदचा राजा सारगॉन इ.स.पू. २३००च्या आसपास अभिमानाने लिहून ठेवतो की मेलुहाची जहाजं माझ्या धक्क्याला लागतात. म्हणजे ये-जा होती, व्यापार होता, सुमेरमधल्या उर शहराच्या राजघराण्याच्या थडग्यांत सिंधूकडच्या तांबड्या कार्नेलियन दगडाचे मणी होते. पण नाना, ती माणसं आपलीच होती, तर त्यांच्याशी बोलायला दुभाषी कशाला लागला? आपण नागपूरच्या आत्याकडे जाताना दुभाषी नेतो का?

उलट सिंधूचं वय आपल्याला कळलं तेच मुळी सुमेरमुळे. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी २० सप्टेंबर १९२४ला लंडनच्या साप्ताहिकात हडप्पा-मोहेंजोदारोचे आणि तिथल्या मुद्रांचे फोटो छापले, तेव्हा ही शहरं किती जुनी ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. आठवड्याभरात इराकी पुराव्यांच्या एका जाणकाराचं पत्र आलं: अशाच वस्तू इराणातल्या सुसाला निघाल्या आहेत. पुढे सुमेरच्या उर आणि किश शहरांत सापडलेल्या सिंधू मुद्रांनी काळ पक्का होत गेला. ज्या शेजाऱ्याने आपला जन्मदाखला काढून दिला, त्यालाच आपलं लेकरू म्हणायचं!

बाकीचं उरकतो. पिरॅमिड: इजिप्तमध्ये लाल समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला २०१३ साली पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाच्या, वह्या सापडल्या. त्यात मेरेर नावाचा मुकादम आपल्या माणसांसह तुरा इथल्या खाणीतून चुनखडी होड्यांतून खुफू राजाच्या पिरॅमिडकडे कशी नेली, ते दिवसवार लिहितो. स्थपती मागवल्याचा उल्लेख नाही.

लिपी: वाचून झाली असती, तर ती उलगडणाऱ्याला तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी जानेवारी २०२५मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस कशाला जाहीर केलं असतं? अडचण साधी आहे: बहुतेक लेख सरासरी पाच चिन्हांचे. पाच चिन्हांत कुणालाही काहीही वाचता येतं, आणि लोकांनी वाचलंही आहे.

अणुस्फोट: शहराच्या विटांच्या भिंती माणसाच्या उंचीच्या वर अजून उभ्या आहेत. इतका शिस्तीचा स्फोट! तिथे सापडलेल्या ज्या सांगाड्यांवर हे रचलं, ते एका दिवशी मेलेल्यांचे नाहीतच, हे पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी १९६४मध्येच दाखवलं होतं.

गटारांचं मात्र खरं. मोहेंजोदारोत घरोघरी न्हाणीघर, गल्लीतून झाकलेली विटांची गटारं, अशी सोय त्या काळी दुसरीकडे क्वचितच दिसते. आमच्या गल्लीत आजही नाही. पण युरोप झाडावर नव्हता, तेव्हा ते स्टोनहेंजचे धोंडे उभे करत होते.

हे सगळं मी नानांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "तू मणी आणि मुद्रा मोजत बस." भाचीने मात्र व्हाइटनरने स्थपती पुसले. मुद्रेचं चित्र काढता काढता विचारलं, "मामा, त्याला आपल्या इकडची भाषा येत होती ना? मग मुद्रेवर तिचा एक तरी शब्द आहे?"

एकही नाही. सगळं तिकडच्याच कीलाक्षरांत.

"एक तरी लिहायचा की," ती पुटपुटली आणि बकरीला शिंगं काढायला लागली.