सगळे देशमुख एकाच कुळाचे? मग रेड्डींना कुठे बसवायचं?

‘जगातील तमाम देशमुख बांधवांनो’ असं सुरू होणारा एक मेसेज सध्या फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवेकालीन सरकारी कागदांच्या संग्रहात, देशमुख हे नाव हजारो वेळा सापडलं, त्यावरून सगळे देशमुख एकाच मूळपुरुषाचे वंशज ठरतात. म्हणून देशमुखाने देशमुखाशी सोयरीक करणं म्हणजे भावाबहिणीचं लग्न. आणि शेवटी, ५,१०० रुपये भरा, शिक्क्यानिशी वंशावळ घरपोच.

एरवी असलं काही मी न वाचताच पुसून टाकतो. पण माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं जवळजवळ ठरलेलं लग्न यापायी अडलंय. मुलगी देशमुख, अकोल्याकडची. मुलगा देशमुख, भोरकडचा. पत्रिका झाली, याद्या व्हायच्या होत्या. तेवढ्यात मुलाच्या आजोबांच्या फोनवर हे ज्ञान उतरलं आणि ‘एकाच रक्ताचे आहोत, पुढे नको’ असा निरोप आला. म्हणून हे लिहायची वेळ आली.

देशमुखी हे वतन होतं, म्हणजे वंशपरंपरेने चालणारं सरकारी काम. परगण्याचा, म्हणजे गावांच्या गटाचा, वसूल गोळा करायचा, बंदोबस्त पाहायचा आणि त्याबद्दल हक्क घ्यायचे. ज्याच्याकडे परगणा, तो देशमुख. मग त्याचं कूळ कोणतंही असो. रोहिडखोऱ्याचे देशमुख जेधे, हिरडस मावळचे बांदल, उत्रोळीचे खोपडे. १६५९ साली अफझलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेधे शिवाजी महाराजांच्या पाठीशी उभे राहिले, खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. दोघेही देशमुख, गावंही जवळजवळची, पण त्या काळात जेधे आणि खोपडे ही दोन वेगळी कुळं आहेत याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. ती आता मोबाइलवर उत्पन्न झाली.

जवळची उदाहरणं हवीत? कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख अमरावतीकडच्या पापळचे, मूळ आडनाव कदम. लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरी देशमुख, चित्पावन, मूळ आडनाव सिद्धये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. आणि तेलंगणात विसनूरचे रामचंद्र रेड्डी, ज्यांच्या जुलमाविरुद्ध चाकली ऐलम्मा उभी राहिली, तेही देशमुखच. घरात तेलुगू बोलणारे रेड्डी. या चौघांचा एक मूळपुरुष शोधून दाखवा, ५,१०० काय, ५१,००० मी देतो.

आता तो लग्नाचा मुद्दा, कारण खरी घाण तिथे आहे. सोयरीक जुळवताना मराठ्यांत कूळ आणि देवक बघतात, ब्राह्मणांत गोत्र. हुद्द्यावरून पडलेलं आडनाव कुणाही शहाण्या माणसाने आजवर आड येऊ दिलेलं नाही. सिद्धयांचे देशमुख आणि कदमांचे देशमुख सपिंड, म्हणजे जवळच्या रक्ताचे, कसे होतील? कायद्याचं म्हणाल तर सगोत्र विवाहाची अडचणसुद्धा १९४६ साली कायद्यानेच दूर झाली. १९५५ चा हिंदू विवाह कायदा सपिंड नातं बघतो: वडिलांकडून पाच पिढ्या, आईकडून तीन, त्याही स्वतःपासून मोजून. आडनावाचा त्यात संबंध येत नाही. म्हणजे ज्याला खरोखर खात्री करायची आहे त्याने दोन्ही घरांची मूळ आडनावं, देवक आणि पाच पिढ्यांची नावं मागावीत. एका दुपारचं काम आहे. आमच्या घरी ती तिकडून कुणी विचारलीच नाहीत, थेट नकार आला. मुलगी गेले काही दिवस जेवणाच्या ताटावर धड बसत नाही आणि ज्या गृहस्थाने तो मेसेज पुढे ढकलला तो ‘मला आला तसा पाठवला’ म्हणून मोकळा.

दफ्तरात नाव हजारो वेळा येतं, हे मात्र खरं आहे. येणारच. सरकारी पत्रं परगण्याच्या ‘देशमुख व देशपांडे’ यांना लिहिली जात, अनेकदा माणसाचं नावसुद्धा न घालता. आजच्या फायलींत तहसीलदार हा शब्द लाखो वेळा येतो, म्हणून सगळे तहसीलदार चुलतभाऊ होत नाहीत. १९५० साली मुंबई सरकारने कायदा करून परगणे वतनं रद्द केली, त्यात देशमुखी गेली. रक्ताचं नातं असतं तर विधिमंडळाने ते कसं रद्द केलं असतं?

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. आपला मूळपुरुष शोधायला निघालेल्या देशमुखाला सामान्य रयतेपेक्षा कागद जास्त सापडतात. वतनावरून भाऊबंदकी पेटे, दोन्ही बाजू आपापली वंशावळ आणि करीना (हक्काची लेखी हकिकत) घेऊन गोतसभेपुढे, म्हणजे गावकऱ्यांच्या आणि वतनदारांच्या न्यायसभेपुढे, येत, महजर (सभेचा लेखी निवाडा) होई, आणि ते सगळं जपून ठेवलं जाई. साध्या कुळवाड्याचं नाव कागदात आलं तर ‘अमका बिन तमका’ एवढंच. आडनाव असेलच असं नाही. पण या वंशावळ्या वाद जिंकायला लिहिलेल्या असतात हे विसरू नये. नको असलेली शाखा गाळलेली असते, दत्तक मुलगा पोटचा म्हणून बसवलेला असतो. वतन विकलंही जाई, आणि विकत घेणारा देशमुख होई. एका पक्षाचा कागद हाती आला तर दुसऱ्या पक्षाचा शोधल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

राहिला शिक्का. पुण्याच्या अभिलेखागारात रुमालांत बांधलेले मोडी कागद आहेत. नक्कल मिळते ती त्या कागदाची, अख्ख्या आडनावाच्या वंशावळीची नाही. मराठवाड्यातल्या देशमुखांचे हैदराबादच्या निजामाच्या राजवटीतले फारसी-उर्दू कागद हैदराबादेत बघावे लागतात, तिथे पेशवे दफ्तराचा काय उपयोग? शोधायला जाताना नुसतं ‘देशमुख’ सांगून भागत नाही. मूळ आडनाव, गाव आणि परगणा लागतो. हे तिन्ही न विचारता जो पैसे घेतो, तो कुठलाही रुमाल सोडणार नाही.