लतादीदींच्या नावावर फिरणारा तो मेसेज, आणि त्यातून गाळलेलं कोल्हापूर

गेल्या रविवारी मंगळवार पेठेत आईकडे गेलो, तर सोप्यात भाचीचं भाषण चाललं होतं. सातवीतली पोर. शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे, विषय घेतलाय लता मंगेशकर. आवाज खणखणीत, हातवारे जिथल्या तिथं. शेवटाकडे आल्यावर तिनं आवाज खाली आणला. "मृत्यूशय्येवर दीदी म्हणाल्या, या जगात मृत्यूपेक्षा खरं काही नाही. जगातली सगळ्यात महागडी गाडी माझ्या गॅरेजमध्ये उभी आहे, पण मी चाकाच्या खुर्चीला खिळले आहे..."

आईनं पदरानं डोळे पुसले.

"हे कुठनं काढलंस गं?" मी विचारलं.

"आजीच्या मोबाईलवरनं."

आणि आजीला कुठनं? भजनी मंडळाच्या ग्रुपवरनं. त्या ग्रुपवर एकानं टाकलेलं पंचवीस जणी पुढं ढकलतात, आणि कुणालाही त्यात शंका येत नाही, कारण वर हात जोडलेले असतात आणि खाली दीदींचा फोटो.

मी तो मेसेज तिथंच बसून दोनदा वाचला. लांबलचक आहे, पण सांगतो ते एवढंच: दीदी एकच दिवस शाळेत गेल्या, म्हणून निरक्षर राहिल्या. त्यांनी पन्नास हजार गाणी गायली. त्या थेट गायिकाच झाल्या, तोंडाला रंग कधी लावला नाही. नूरजहाँ पाकिस्तानात गेली म्हणून त्यांचं नशीब उघडलं. कोल्हापूरशी त्यांचा संबंध स्टुडिओ घेण्या-विकण्यापुरता. आणि शेवटी ते मृत्यूशय्येवरचं भाषण. एवढ्या थापा एका दमात, आणि त्या पाठ करून माझी भाची व्यासपीठावर उभी राहणार होती. तीसुद्धा कोल्हापुरात, जयप्रभा स्टुडिओपासून चालत पाच मिनिटांवर राहणारी पोर.

शाळेचं आधी उरकतो. शाळा पहिल्याच दिवशी सुटली हे खरं. धाकट्या आशाला बरोबर नेलं, शिक्षकांना ते चाललं नाही, आणि दीदी पुन्हा त्या शाळेत गेल्या नाहीत. हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. पण निरक्षर? मुळाक्षरं त्या घरीच शिकल्या. उर्दूचे उच्चार स्वच्छ व्हावेत म्हणून पुढं उर्दू शिकवायला माणूस ठेवला. कित्येक भाषांतली गाणी त्यांनी देवनागरीत आपल्या हातानं लिहून घेऊन गायली. शाळेत न गेलेलं माणूस अडाणीच असतं हे ज्यानं लिहिलं, त्यानं आपल्याच आज्या-पणज्यांचा अपमान केलाय.

पन्नास हजार गाण्यांचा हिशेब तर पोरांनी पाटीवर करावा इतका सोपा आहे. गिनेस बुकानं १९७४ मध्ये १९४८ पासूनची पंचवीस हजार गाणी त्यांच्या नावावर मांडली. सव्वीस वर्षांत पंचवीस हजार म्हणजे वर्षाला साडेनऊशेच्या वर, म्हणजे दिवसाला अडीच गाणी, एक दिवस सुट्टी न घेता. त्या काळात हिंदी चित्रपट निघायचे वर्षाला शंभर-सव्वाशे. एकात आठ गाणी धरली तरी रफी, मुकेश, किशोर, गीता दत्त, आशाताई सगळ्यांची मिळून हजारच होतात. मग बाकीचे काय घरी बसले होते? मोहम्मद रफींनी तेव्हाच या आकड्यावर हरकत घेतली होती, आणि पुढं गिनेसनं ती नोंद काढून टाकली. विश्वास नेरूरकरांनी एकेक गाणं तपासून जी सूची केली, तिच्यात १९८९ पर्यंतची दीदींची हिंदी गाणी भरतात पाच हजारांच्या थोडी वर. पाच हजार! एका गळ्यातून पाच हजार गाणी आली हे कमी पडलं म्हणून पुढं शून्यं लावत बसायचं?

आता त्या तिसऱ्या मुद्द्याकडे येतो. खरा संताप मला तिथंच आला.

"लतादीदींनी तोंडाला रंग कधी लावला नाही." बारा वर्षांच्या मुलीनं घर चालवण्यासाठी जे केलं, ते एका ओळीत पुसून टाकलं. २४ एप्रिल १९४२ ला पुण्यात वडील, मास्टर दीनानाथ गेले. मागं आई, आणि लतापेक्षा धाकटी चार भावंडं: मीना, आशा, उषा, हृदयनाथ. नाटक कंपनी आधीच बुडालेली. अशा वेळी मदतीला आले मास्टर विनायक, आपल्या कोल्हापूरचे, अभिनेत्री नंदाचे वडील. त्यांनी मंगेशकरांच्या थोरल्या मुलीला सिनेमात काम दिलं. गाणं नव्हे, काम. पडद्यावरचं. त्याच वर्षी आलेल्या 'पहिली मंगळागौर'मध्ये ती दिसली, आणि 'नटली चैत्राची नवलाई' हे गाणंही गायली. त्याच्या आधी 'किती हसाल'साठी तिचं एक गाणं ध्वनिमुद्रित झालं होतं, ते चित्रपटात ठेवलंच नाही.

पुढं विनायकांनी स्वतःची कंपनी काढली, प्रफुल्ल पिक्चर्स. कुठं? कोल्हापुरात. लता तिथं महिन्याच्या पगारावर कामाला लागली. 'चिमुकला संसार', 'माझे बाळ', 'गजाभाऊ', मग हिंदीतले 'बडी माँ', 'जीवन यात्रा', 'सुभद्रा', आणि १९४८ चा 'मंदिर'. हे सगळे चित्रपट पडद्यावर दिसणाऱ्या लता मंगेशकरचे आहेत. आशाताईंचं चित्रपटातलं पहिलं गाणंसुद्धा 'माझे बाळ'मधलं, १९४३ चं. म्हणजे दोघी बहिणींची उमेदवारी इथली. 'गजाभाऊ' मराठी चित्रपट, पण दीदींचं पहिलं हिंदी गाणं त्यातलं आहे.

हे मी मनचं सांगत नाही. नसरीन मुन्नी कबीर यांनी दीदींशी केलेल्या लांबलचक बातचितीचं पुस्तक २००९ मध्ये आलं. दीदींचे स्वतःचे शब्द आहेत, आणि या लेखात मी ज्याच्या जिवावर बोलतोय ते मुख्यतः तेच. त्यात त्या साफ सांगतात की अभिनय त्यांना कधीच आवडला नाही. ते दिवे, तो चेहऱ्यावरचा रंग, कुणीतरी सांगणार आता रड, आता हस. एक प्रसंग तर वाचून माझ्या घशात आवंढा आला. पहिल्या चित्रपटाच्या वेळी भुवया जाड दिसतात, कपाळावर केस फार खाली येतात म्हणून त्यांच्या भुवया कोरल्या आणि पुढचे केस कापले. ती मुलगी घरी येऊन रडली. वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते. रडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेली, कारण पगार आणायचा होता.

भाचीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं नकळत स्वतःच्या भुवईवर बोट फिरवलं. ती बारा वर्षांची आहे.

तोंडाला रंग लावला नाही म्हणे! नको असताना लावला, पाच-सहा वर्षं लावला. आणि ज्या गावात लावला, त्या गावातली माणसं हा मेसेज एकमेकांना पाठवतायत.

नूरजहाँच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं कबूल करतो. फाळणीनंतर त्या पाकिस्तानात गेल्या आणि मुंबईत मोठी जागा मोकळी झाली. पण ती जागा काय एकट्या लताचीच वाट बघत होती? शमशाद बेगम होत्या, सुरैया होती, गीता रॉय होती, अमीरबाई कर्नाटकी होत्या, जोहराबाई होत्या. त्या सगळ्या जणी नावारूपाला आलेल्या होत्या, आणि लताचा आवाज फार बारीक आहे म्हणून निर्माते एस. मुखर्जींनी तिला परत पाठवलं होतं. संगीतकार मास्टर गुलाम हैदर हट्टाला पेटले, 'मजबूर'मध्ये त्यांनी तिला गायला लावलं, आणि पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, 'महल', 'बरसात' आणि 'अंदाज' आले. कुणी गाव सोडून गेलं म्हणून असं होत नसतं.

आणि मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नाही ती गोष्ट ही, की नूरजहाँ आणि लता यांची ओळख कोल्हापुरातच झाली. 'बडी माँ'ची नायिका नूरजहाँ. चित्रीकरणासाठी त्या इथं आल्या होत्या. विनायकांनी आपल्या कंपनीतली ही पोरगी त्यांच्यापुढं उभी केली, गाते म्हणाले. लतानं जयजयवंती राग गायला, मग एक सिनेमातलं गाणं. नूरजहाँनी ऐकून घेतलं आणि रियाज सोडू नकोस, मोठी होशील असं सांगितलं. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, चित्रपटात किरकोळ भूमिका करणारी. पुढं आयुष्यभर दीदी त्यांच्याविषयी आदरानंच बोलल्या. एकीचं जाणं म्हणजे दुसरीची लॉटरी, असलं गणित या दोघींनी कधी मांडलं नाही.

स्टुडिओचं मी टाळणार नाही, कारण तिथं आमच्याही मनात कढ आहे. जयप्रभा भालजी पेंढारकरांचा. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत तो जळाला, भालजींनी पुन्हा उभा केला, आणि पुढं कर्जात गेला तेव्हा तो दीदींनी घेतला. त्यानंतर हेरिटेजचा वाद, कोर्टकचेरी, विक्री, त्याविरुद्ध कोल्हापूरकरांनी धरलेलं धरणं. त्या बाबतीत दीदींकडून आमच्या अपेक्षा होत्या आणि त्या पुऱ्या झाल्या नाहीत. माझ्या ओळखीतली माणसं त्या धरण्यात बसली होती, आणि ती चुकली असं मी म्हणणार नाही. पण तेवढ्यावरून "संबंध घेण्या-विकण्यापुरता" हे म्हणणं खोटंच. याच भालजींच्या चित्रपटांना दीदींनी 'आनंदघन' या नावानं संगीत दिलं: 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती'. 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, आणि आनंदघन म्हणजे कोण हे लोकांना कळलं. 'ऐरणीच्या देवा तुला' लिहिलं कोल्हापूरच्याच जगदीश खेबुडकरांनी, चाल दीदींची, आवाज दीदींचा. भात्याचा तो ठेका ऐकताना आमच्या पेठेतला लोहार डोळ्यांपुढं येतो. जिनं या मातीत दिवस काढले नाहीत, तिला ही चाल सुचली नसती असं मला वाटतं. पुराव्यानं दाखवता येणार नाही, पण वाटतं.

आता ते शेवटचं भाषण. भाचीच्या भाषणातला टाळ्यांचा भाग.

हाच मजकूर डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका फॅशन ब्लॉगर बाईच्या नावानं २०१८ पासून इंग्रजीत फिरत होता. ती बाई कर्करोगानं गेली. दीदी गेल्यावर कुणीतरी नाव बदललं, फोटो बदलला, मराठी-हिंदी केलं. एवढंच. आणि बदलताना अक्कलसुद्धा वापरली नाही. मेसेजमध्ये पुढं लिहिलंय, सात-सात जण माझे केस बसवायचे, आज डोक्यावर केस नाहीत. अरे, कुणाचे केस? आयुष्यभर पांढरी साडी आणि तेल लावून घातलेल्या वेण्या, हे रूप आमच्या आईच्या पिढीला देवघरातल्या तसबिरीइतकं पाठ आहे. तिच्याभोवती सात केशभूषाकार?

८ जानेवारी २०२२ ला त्यांना ब्रीच कँडीत दाखल केलं, करोना आणि न्यूमोनिया. अतिदक्षता विभाग, मध्ये व्हेंटिलेटर. ६ फेब्रुवारीला सकाळी त्या गेल्या, ब्याण्णव वर्षांच्या होत्या. नळ्या लावलेल्या त्या म्हातारीच्या तोंडी महागड्या गाड्यांचं आणि ब्रँडेड कपड्यांचं रडगाणं घालायला लिहिणाऱ्याचा हात कसा धजला?

शाळा, आकडे, नूरजहाँ यांपेक्षा मला हा मुद्दा जास्त बोचतो. कारण हे भाषण सांगतं की या बाईचं सगळं आयुष्य म्हणजे पैसा, आणि तो शेवटी फुकट गेला. जिनं बाराव्या वर्षी पहिला पैसा मिळवला तो भावंडांच्या पोटासाठी, तिच्या तोंडी पैसा व्यर्थ असं घालायचं! त्या पैशावर चार जण वाढले, शिकले, गायले. तो व्यर्थ नव्हता. त्यातल्या एकेका रुपयाची किंमत त्या घराला ठाऊक होती.

आई सगळं ऐकत होती. मध्येच म्हणाली, "मग मी उगंच रडलो म्हणायचं?"

"रडलीस ते चुकलं नाही," मी म्हटलं. "ते केस कापल्याचं ऐकून रड."

तिनं चष्मा लावला, मोबाईल उचलला आणि एकेक अक्षर शोधत भजनी मंडळाला लिहिलं: "वरचे दीदींचे शब्द नाहीत. कुणी पुढे पाठवू नये." हात जोडलेले आठवणीनं टाकले. भाचीनं वहीतली शेवटची दोन पानं फाडली. स्पर्धा शुक्रवारी आहे. आता भाषणाची सुरुवात भुवयांपासून करणार म्हणतेय, आणि 'साधी माणसं'तली ओळ गाऊन दाखवायला परवानगी मिळते का ते बाईंना विचारणार आहे.